८ जीबीची पट्टी जुन्या मशीनला चालेल का?

प्रश्न : माझा डेस्कटॉप २०१० सालचा आहे. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर३ रॅमची २ जीबीची एकच पट्टी आणि ३२ बिट विंडोज ७. ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की सगळं अडकतं आणि हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो. रिकाम्या स्लॉटमध्ये ८ जीबीची पट्टी लावू का?

उत्तर : ८ जीबीची घेऊ नका, तुमचा बोर्ड ती ओळखणार नाही. जी४१ला (हा चिपसेट म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांना जोडणारी मदरबोर्डवरची चिप) एकूण ८ जीबी झेपते, पण एका पट्टीत जास्तीत जास्त ४. रॅम कमी पडतेय हा तुमचा अंदाज मात्र बरोबर आहे. जागा संपली की विंडोज रॅममधला मजकूर हार्ड डिस्कवर हलवते आणि लागेल तसा परत आणते. तो दिवा त्याचाच.

आता ४ जीबीची पट्टी घेतानाही एक गोष्ट डोळ्यांनी बघूनच घ्या. माझ्या भावाच्या अशाच मशीनसाठी मी नवी पट्टी आणली होती. खाच जुळली, दोन्हीकडच्या खिट्ट्या टक्कन बसल्या, बटण दाबलं तर नुसते बीप आणि स्क्रीन काळी. जुनी लावली की मशीन चालू. पट्टीच्या कडेचे सोनेरी संपर्क खोडरबरने पुसले, स्लॉट बदलून पाहिला, अख्खी दुपार गेली. शेवटी दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी ठेवल्या तेव्हा उलगडा झाला. जुनीवर दोन्ही बाजूंना चिप होत्या, नवीवर एकाच बाजूला आठ. आठ गिगाबिट म्हणजे एक जीबी, म्हणजे नवीची एकेक चिप ४ गिगाबिटची, आणि हा चिपसेट २ गिगाबिटपर्यंतच्याच चिप वाचतो. त्यामुळे दोन्ही बाजूंना आठ-आठ, अशा सोळा चिपची ४ जीबीची पट्टी मागा. वापरलेली चालेल. वेगाचा आकडा १३३३ किंवा १६०० लिहिलेला असला तरी बिघडत नाही, ती १०६६ वर उतरून चालेल. डीडीआर२, म्हणजे आधीच्या पिढीची रॅम, मात्र चुकूनही नको, तिची खाचच वेगळ्या जागी असते.

जुनी २ आणि नवी ४ मिळून ६ जीबी होईल, तुमच्या कामाला तेवढी पुरते. पण ३२ बिट विंडोज त्यातली साधारण सव्वातीन जीबीच वापरेल. प्रोसेसर ६४ बिटचा आहे, तेव्हा सिस्टिमही ६४ बिटचीच टाका. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले. त्यावर बँकेची कामं करू नका, ही माझी कळकळीची विनंती. मी तुमच्या जागी विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली असती.

बसवताना प्लग काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच पट्टी उचला, तीही कडेने.

मशीन सुरू झालं म्हणजे काम झालं असं समजू नका. रात्री मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून झोपा. सकाळी लाल अक्षरांत एक जरी चूक दिसली तरी पट्टी परत करा. परत घेणार का, हे दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा.