कोरा आणि चेलो एकत्र वाजतात तेव्हा साथीदार कोणाला म्हणायचे?

कोरा हे पश्चिम आफ्रिकेतले भोपळ्याचे तंतुवाद्य आणि चेलो हे व्हायोलिनच्या कुळातले मोठे, खर्जाचे वाद्य. मालीचे कोरावादक बालाके सिसोको आणि फ्रान्सचे चेलोवादक व्हँसाँ सेगाल यांच्या 'चेंबर म्युझिक' या अल्बमविषयी आपण विचारले आहे की, त्यात चेलो बराचसा वेळ साथच करत असेल तर या सहयोगाला बरोबरीचा म्हणता येईल का, आणि सरोद व गिटार घेऊन आपल्या गटाला असा प्रयोग करायचा असेल तर काय लक्षात ठेवावे. साथ करणे हे काहीतरी दुय्यम काम आहे, असे आपण विचारण्याआधीच धरून चालला आहात. गायकांच्या डाव्या बाजूला बसून पेटी वाजवण्यात माझी अर्धी हयात गेली आहे, त्यामुळे हे उत्तर जरा लांबेल.

कोराला एकवीस तारा असतात आणि त्या सर्व दोन्ही हातांचे अंगठे व तर्जनी एवढ्याच बोटांनी छेडायच्या असतात, कारण उरलेली बोटे वाद्याच्या दांड्या धरण्यात गुंतलेली असतात. मांदे, म्हणजे माली आणि आसपासच्या लोकांच्या, परंपरेत वादनाचे दोन मुख्य भाग मानतात. 'कुंबेंगो' म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी मूळ आवर्ती धून, आणि 'बिरिमिंतिंगो' म्हणजे तिच्यावरून धावणाऱ्या उत्स्फूर्त ताना. एकटा वादक हे दोन्ही सांभाळतो. सोबत दुसरा वादक असेल तर एकाने कुंबेंगो धरावा आणि दुसऱ्याने उडावे, हे तिथल्या परंपरेला मुळीच नवे नाही. बालाके यांचे वडील जेलिमादी सिसोको आणि दुसरे नामवंत कोरावादक तुमानी जाबाते यांचे वडील सिदिकी जाबाते यांचे कोरावादन १९७०च्या एका प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेवर आहे, आणि या दोघांच्या मुलांनी २२ सप्टेंबर १९९७ रोजी, म्हणजे मालीच्या स्वातंत्र्यदिनी, राजधानी बामाकोमध्ये एका रात्रीत दोन कोरांचे जे वादन ध्वनिमुद्रित केले, त्यात मुख्य कोण आणि साथीला कोण हे ठरवत बसणारा श्रोता त्या वादनाला मुकतो.

सेगाल यांनी या मांडणीत दुसऱ्या कोराची जागा घेतली, असे मी मानतो. चेलोच्या तारा बोटांनी छेडून ते कुंबेंगो धरतात, तेव्हा सिसोको यांचे अंगठे मोकळे होतात आणि एकट्या कोरावर जे शक्य नाही ते त्यांना करता येते. थोड्या वेळाने कोरा आवर्तनात स्थिरावतो आणि चेलोवर गज फिरू लागतो. शिवाय सुराचा प्रश्न आहेच. कोरा आधी सात स्वरांच्या एका ठरावीक जुळणीत लावून घ्यावा लागतो आणि वाजवताना मधेच त्याचा स्वर बदलण्याची सोय जवळपास नसते. 'सौता' नावाच्या जुळणीत मध्यम चढा असतो, त्यामुळे आपल्या कानाला पहिल्यांदा कल्याण रागाचा भास होतो. इतर काही जुळण्यांत तर स्वर पियानोच्या पट्ट्यांच्या मधे कुठेतरी पडतात. चेलोला पडदे नसल्यामुळे तो त्या स्वरापर्यंत जाऊ शकतो, कोरा चेलोकडे येऊ शकत नाही. म्हणजे बामाकोच्या वाद्याने आपल्या जागी राहायचे आणि युरोपच्या वाद्याने त्याचा सूर शोधत यायचे. ज्याच्या पेटीत एकही श्रुती इकडची तिकडे होत नाही, त्या माझ्यासारख्या माणसाला चेलोच्या या सोयीचा हेवा वाटतो, हेही सांगून टाकतो.

आता मूळ दुखण्याकडे येतो. पुण्यात एका रसिकांच्या घरी बैठक संपल्यावर आम्ही काही कलाकार मागे थांबलो होतो आणि मी हाच अल्बम लावला. ज्यांना मी अनेक वर्षे साथ केली ते गायक पाच मिनिटे ऐकून म्हणाले, "या चेलोवाल्याला काही सुचत नाही, त्याच चार सुरांवर घुटमळतो आहे. हा तर फ्रेंच पेटीवाला!" सगळे हसले. मी ध्वनिमुद्रण मागे नेले आणि तबलजींना विचारले की, तुमच्या एकल वादनात मी लेहरा, म्हणजे ताल दाखवणारी तीच ती धून, धरतो तेव्हा मला काही सुचत नसते का. तबलजींनी प्रामाणिकपणे सांगितले की लेहरा हलला तर त्यांचा अर्धा कायदा, म्हणजे विस्तार करत वाजवायची तबल्याची रचना, गळून पडतो. मग मी विचारले की, तो फ्रेंच माणूस नेमके हेच करतो आहे आणि त्याच्या जोरावर कोरा समेपासून इतका लांब जाऊन परत येतो आहे, हे ऐकू येत नाही का. गायकांनी उत्तर दिले की, साथीदाराने सावलीसारखे असावे आणि सावलीने बोलू नये.

हे वाक्य त्यांनी मला आधीही एकदा ऐकवले होते. एका मोठ्या मैफलीत त्यांना ठसका लागला, तेव्हा मी अंतऱ्याच्या जागा भरत राहिलो, ते पाणी पिऊन नेमक्या मुखड्यावर परतले आणि टाळ्या पडल्या. मंचावरून उतरल्यावर आभार राहिले दूर, सावलीचे प्रवचन ऐकावे लागले. त्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत ध्वनिव्यवस्था पुरवणाऱ्याचे नाव होते आणि माझे नव्हते. म्हणून बामाकोत, मालीचे गायक सालिफ केइता यांच्या मोफू स्टुडिओत रात्रीच्या वेळी मुद्रित होऊन २००९ मध्ये आलेल्या या अल्बमच्या मुखपृष्ठावर दोन्ही नावे बरोबरीने पाहिली, तेव्हा संगीत ऐकण्याआधीच मी त्याच्या बाजूचा झालो होतो. हा पक्षपात आहे आणि तो मला मान्य आहे.

तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: होय, हा सहयोग बरोबरीचा आहे, आणि सेगाल साथ करतात म्हणूनच तो तसा आहे. पश्चिम आफ्रिकी आणि फ्रेंच वादकांच्या कामांत उलटी उदाहरणेही पुष्कळ आहेत. मालीची गायक जोडी अमादू आणि मरियम यांचा 'दिमांश आ बामाको' (२००४) मला आवडतो, पण त्यात निर्माते मानू चाओ यांची मुद्रा इतकी ठळक आहे की पाहुणा यजमानाच्या खुर्चीत बसल्यासारखा वाटतो. लान्सिने कुयाते यांचे लाकडी पट्ट्यांचे बालाफोन आणि डेव्हिड नीरमन यांचे धातूच्या पट्ट्यांचे व्हायब्राफोन यांची जोडी मात्र ऐकावी. दोन्ही वाद्ये एकाच कुळातली असल्यामुळे तिथली स्पर्धा वेगळी आहे.

तरीही बरोबरीचा दावा मंचापुरताच करावा. माली १९६०पर्यंत फ्रान्सची वसाहत होती, ध्वनिमुद्रिकेची कंपनी पॅरिसची आहे आणि बहुतेक मैफलींची तिकिटे युरोपात विकली जातात. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून पॅरिसला उतरल्यावर सिसोको यांना आपला कोरा सुटे भाग केलेल्या अवस्थेत मिळाला आणि पेटीत अमेरिकी विमानतळ सुरक्षा यंत्रणेची चिठ्ठी होती. आपण ती पेटी उघडलीच नाही, असे त्या यंत्रणेचे म्हणणे होते. तेव्हा दोन माणसे एकमेकांशी कितीही नीट वागली तरी त्यांच्या भोवतीचे जग त्यांना एकाच मापाने मोजत नाही. आणि सेगाल हे काही अपघाताने चांगले साथीदार झालेले नाहीत. पाश्चात्त्य अभिजात पद्धतीने शिकल्यावर त्यांनी निरनिराळ्या देशांच्या वादकांबरोबर वर्षानुवर्षे वाजवले आहे. सिसोको यांनीही वडील लवकर गेल्यामुळे किशोरवयातच मालीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदात त्यांची जागा सांभाळली होती, म्हणजे इतरांच्या मागे वाजवण्याची शिस्त दोघांकडेही होती.

ऐकण्याची सुरुवात 'चेंबर म्युझिक'पासूनच करावी. 'म्युझिक द न्वी' (२०१५) नंतर घ्यावा. त्याचा काही भाग सिसोको यांच्या घराच्या गच्चीवर रात्री मुद्रित केला आहे आणि त्यात शहराचे आवाजही येतात. २०२३च्या 'लेज एगारे'मध्ये याच दोघांना सोप्रानो सॅक्सोफोन आणि ॲकॉर्डियन येऊन मिळतात, तो मला थोडा गजबजलेला वाटतो, पण आपल्याला आवडू शकेल.

आपल्या प्रयोगाबद्दल एवढेच सांगतो की, सरोदवादकाने गिटारसाठी आणि गिटारवादकाने सरोदसाठी पूर्ण एकेक बैठक नुसता लेहरा धरावा, तान घेऊ नये, आणि हे ज्याला अपमानास्पद वाटेल त्याला गटातून सरळ वगळावे, मग त्याचा हात कितीही तयार असो. सरोद मींडेने, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, जिथे जातो तिथे पडद्याची गिटार पोहोचत नाही, तेव्हा राग निवडताना गिटारवाल्याचे आधी ऐकावे. बिदागी समान वाटावी. पत्रिकेत सर्वांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत छापावीत, आणि त्यावरून कोणी गायक रुसला तर त्याला तानपुऱ्यावर गायला सांगावे. त्याचे पेटीवाचून काही अडत नाही, असे तो स्वतःच सांगत असतो.