भत्त्यातून घ्यायची जुनी गाडी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

फिरतीच्या कामावर नेमणूक झाल्याचे आणि त्यासोबत कंपनीने वाहनभत्ता मंजूर केल्याचे तुझे पत्र मिळाले. आनंद झाला. नव्या गाडीच्या मागे न लागता वापरलेली गाडी घ्यावी हा तुझा विचार मला पटतो. परंतु पत्राचा बराचसा भाग तू निरनिराळ्या मॉडेलच्या तुलनेत खर्च केला आहेस आणि भत्त्याविषयी मात्र एकच ओळ लिहिली आहेस, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

पगारासोबत रोख मिळणारा भत्ता सहसा तुझ्या उत्पन्नात धरला जातो आणि त्यावर प्राप्तिकर लागतो. धरून चाल की दरमहा 15,000 रुपये मिळणार आहेत आणि तू 20 टक्क्यांच्या टप्प्यात आहेस; मग उपकरासह 3,120 रुपये करात जातील आणि हाती 11,880 उरतील. अडीच लाखांचे कर्ज 12 टक्के दराने चार वर्षांसाठी काढलेस तर हप्ता 6,600 रुपयांच्या आसपास बसतो आणि राहिलेल्या सव्वापाच हजारांत विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी हे सगळे भागते. हप्ता दहा हजारांवर नेलास की पहिल्याच मोठ्या दुरुस्तीला तुला घरातून पैसे मागावे लागतील. त्यातच वापरलेल्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा चढा असतो, हे शोरूममधला मनुष्य आपणहून सांगत नाही. शिवाय भत्ता पदाला जोडलेला असतो, माणसाला नव्हे. बदली होऊन टेबलावरचे काम आले किंवा तूच दुसरी नोकरी धरलीस तर भत्ता त्या महिन्यापासून थांबतो, बँकेचा हप्ता थांबत नाही. तेव्हा भत्ता नसतानाही मूळ पगारातून ओढाताण न होता भरता येईल, एवढाच हप्ता ठेव.

लेखा विभागात बसून आणखी काही गोष्टी लेखी स्वरूपात विचारून घे. इंधनाचे पैसे भत्त्यातच धरले आहेत की किलोमीटरप्रमाणे वेगळे मिळतात, गाडीच्या वयाची काही अट आहे का, आणि कामासाठी झालेल्या प्रवासाची नोंदवही ठेवून बिलांप्रमाणे खर्च परत घेण्याची सोय आहे का, हे कळल्याशिवाय गाडी बघायला बाहेर पडू नकोस. बिलांप्रमाणे परत मिळणाऱ्या खर्चाला करात वेगळी वागणूक मिळते, त्यामुळे ही चौकशी वाया जाणार नाही.

आता गाडीकडे वळतो. कंपनी भत्ता देते तो तू ठरल्या वेळी ग्राहकाच्या दारात पोहोचावेस म्हणून देते, पार्किंगमध्ये चार माणसांनी वळून बघावे म्हणून नव्हे. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की जिचा मागचा इतिहास कागदावर वाचता येतो तीच गाडी घे, मग ती दुसरीपेक्षा दोन वर्षे जुनी का असेना. तेच मॉडेल, तेच वर्ष, तोच रंग असलेल्या दोन गाड्या एकीला वेळेवर ऑइल मिळाले आणि दुसरीला मिळाले नाही एवढ्यावरून पूर्णपणे वेगळ्या निघतात, आणि हा फरक जाहिरातीतल्या फोटोत दिसत नाही.

मॉडेलविषयी मी फार लिहीत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोलीहून सांगली, इचलकरंजी, बेळगाव, अधूनमधून पुणे आणि आंबा घाट उतरून रत्नागिरी, असा तुझा फेरा असणार. त्याला 1.2 लिटरच्या आसपासचे साधे पेट्रोल इंजिन आणि हाताने टाकायचे गिअर पुरेसे आहेत. डिझायर, स्विफ्ट, बलेनो, अमेझ, आय-10 किंवा आय-20 यांपैकी जी नीट सांभाळलेली मिळेल ती चालेल, कारण यांचे सुटे भाग इथे सहज मिळतात आणि कोणत्याही मिस्त्रीचा हात त्यांच्यावर बसलेला आहे. ज्या कंपनीने भारतातला कारभार आवरला आहे तिची गाडी स्वस्त आणि दणकट मिळते हे खरे. शेवरोलेची इथली विक्री 2017 च्या अखेरीस थांबली आणि फोर्डने 2021 मध्ये उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले. हौसेसाठी अशी गाडी जरूर घ्यावी, पण एका सेन्सरसाठी आठवडाभर गाडी उभी राहणे तुझ्या कामाला परवडणारे नाही.

डिझेलचा मोह होईल, कारण फिरती मोठी आहे. परंतु एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराच्या कडक मानकाच्या) डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते आणि ती स्वच्छ व्हायला गाडी अधूनमधून सलग वेगाने पळावी लागते. जिचा मागचा मालक गावातल्या गावात, राजारामपुरी ते लक्ष्मीपुरी एवढेच फिरला, तिची जाळी चोंदलेली असण्याचा धोका असतो आणि तिचा खर्च भत्त्याच्या हिशेबात कुठेच बसत नाही. सीएनजीची गाडी घेणार असलास तर किटची नोंद आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, ते पाहा; शिवाय टाकीने डिकी व्यापल्यावर तुझे कास्टिंगचे (ओतीव भागांचे) नमुने कुठे ठेवणार, याचाही विचार कर. पेट्रोल गाडी घेताना शक्यतो एप्रिल 2023 नंतरची पाहा, कारण पंपावर आता सर्रास मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालतील असे भाग त्या सुमारापासून गाड्यांत येऊ लागले. त्याआधीची गाडी बाद नाही, पण तिच्या इंधननळ्या आणि रबरी सील मिस्त्रीकडून तपासून घे.

आपल्या कोल्हापुरात जुनी गाडी घेताना एक गोष्ट इतर शहरांपेक्षा जास्त काळजीने पाहावी लागते, ती म्हणजे पुराचे पाणी. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरी, नागाळा पार्क, व्हीनस कॉर्नरपर्यंत आले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, हे तुझ्याही डोळ्यांसमोर आहे. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या सगळ्याच गाड्या भंगारात गेल्या नाहीत. अनेक धुऊन, सीट कव्हर बदलून, आत अत्तराची बाटली टांगून पुन्हा विकल्या गेल्या. इंजिन दुरुस्त करता येते, पण वायरिंगच्या जोडांत शिरलेला ओलावा वर्षानुवर्षे आपले काम करत राहतो आणि मग एके दिवशी पॉवर विंडो, दुसऱ्या दिवशी फ्यूएल पंप, तिसऱ्या दिवशी एअरबॅगचा दिवा, अशी मालिका सुरू होते.

हे ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. पुढच्या सीटचा बेल्ट हळूहळू शेवटपर्यंत ओढून काढ. रोजच्या वापरात येणारा भाग पुसलेला असतो, पण गुंडाळीच्या तळाशी राहणाऱ्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची तपकिरी रेघ शिल्लक राहते आणि पट्टा तिथे बोटांना कडक लागतो. आमच्या एका सहकाऱ्याने घ्यायला काढलेली चकचकीत सेडान याच एका रेघेवर परत गेली. विकणाऱ्याने आधी चहा सांडल्याचे सांगितले, आणि दोन्ही बाजूंच्या बेल्टवर एकाच उंचीला चहा कसा सांडला, असे विचारल्यावर तो गप्प झाला. त्यानंतर सीट पूर्ण मागे सारून खालच्या रुळांचे बोल्ट पाहा, डिकीतील स्टेपनी उचलून तिच्याखालच्या खळग्यात बोट फिरव, आणि डॅशबोर्डखाली टॉर्च मारून वायरच्या जोडांवर हिरवट थर आहे का ते बघ. गाडी 2021 च्या आधीची असेल तर जुन्या पॉलिसीवर कोणते दावे झाले होते, हे विमा कंपनीकडून मालकालाच काढून द्यायला सांग. प्रामाणिक मालक याला हरकत घेत नाही.

अपघाताची गाडी ओळखण्याचा मार्गही असाच बारकाईचा आहे. बॉनेट आणि दारांच्या बिजागरीचे बोल्ट पाहा. त्यांच्यावरचा रंग पान्याने खरवडलेला असेल तर तो भाग एकदा तरी उतरला आहे. बंपरचे टचअप मी मोजत नाही, गावात गाडी चालवायची म्हणजे ते व्हायचेच. मात्र दाराचे रबर ओढून खांबावरचे कंपनीचे स्पॉट वेल्डिंग दिसत नसेल किंवा छताला नव्याने रंग मारलेला असेल, तर किंमत न विचारता परत ये. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 2022 ची गाडी 20,000 किलोमीटर चालल्याचे मीटर सांगत असेल आणि चारही टायर 2025 चे असतील, तर ते मीटर मागे घेतलेले असण्याची शंका धरावी आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडीच्या नंबरवर झालेल्या प्रत्येक सर्व्हिसची किलोमीटरसह नोंद मागवावी.

जाताना उद्यमनगरातील आपल्या ओळखीचा मिस्त्री सोबत ने आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे दे. फुकट बोलावलेला माणूस दोष सांगायला संकोचतो. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहायची आहे असे आदल्या दिवशीच कळव. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून पाहा. ते गरम असेल तर थंड इंजिनची खडखड तुझ्यापासून लपवण्यासाठी गाडी आधीच सुरू करून ठेवलेली असू शकते. सुरू होताना निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळते आहे. मग गावात एक फेरी मारून समाधान मानू नकोस, वाघबीळवरून पन्हाळ्याच्या चढाला गाडी घाल. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच संपत आला आहे. उतरताना ब्रेकवर स्टिअरिंग थरथरले तर डिस्क वाकड्या झाल्या आहेत. हे दोन्ही दोष दुरुस्त होणारे आहेत, त्यांच्यासाठी गाडी सोडायची नाही, किंमत पाडायची.

इथे थोडे विषयांतर करतो. आपल्याकडे गाडीपेक्षा नंबरावर जीव असणारे लोक पुष्कळ आहेत, आणि पसंतीच्या नंबरासाठी भरलेले पैसे ते पुढच्या गिऱ्हाइकाकडून वसूल करू पाहतात. तुला त्या नंबराचा एक रुपयाही द्यायचे कारण नाही. मोठी चाके, बदललेला सायलेन्सर, खाली बसवलेली गाडी यांपासूनही दूर राहा, कारण असा हौशी मालक ती कशी पळवत होता हे वेगळे सांगावे लागत नाही.

कागदपत्रांत एमएच 09 पासिंगची, म्हणजे कोल्हापुरात नोंदलेली गाडी सर्वांत सोपी. बेळगाव, चिकोडीकडच्या गाड्या स्वस्त दिसतात, दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्याही इकडे येतात. पण परराज्यातील गाडीला तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा कर आणि नवी नोंदणी लागते, आणि हा सगळा खर्च व हेलपाटे धरले तर स्वस्ताई उरत नाही. नंबर टाकून परिवहनच्या पोर्टलवर आरसीची मुदत, कर्जाचा बोजा आणि थकलेली ई-चलने पाहा. बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नकोस. ‘एचपी (म्हणजे हाच बोजा) नंतर उतरवून देतो’ या वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही. मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या झाल्या की नाव बदलण्याचा अर्ज तू 30 दिवसांच्या आत करायचा आहेस. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसली आहे का, तेही पाहून घे. डीलरकडून घेतलीस तर त्याच्या नफ्यावर 18 टक्के जीएसटी असतो. तो गाडीच्या पूर्ण किमतीवर लावून कोणी सांगू लागला तर बिलात फोड मागावी.

विमा त्याच आठवड्यात स्वतःच्या नावावर करून घे. आरसी तुझ्या नावावर आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या, अशा अवस्थेत गाडी ठोकली तर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची सूट) गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे विम्याच्या हप्त्यात थोडी वाढ होईल. ती आधीच हिशेबात धर. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाडे घेऊन प्रवासी नेण्यास आणि मालवाहतुकीस मनाई असते, पण नमुने आणि स्वतःचे सामान नेण्यास मुभा असते. तुझ्या डिकीत दोन-चार नमुन्यांची कास्टिंग असली तर अडचण नाही. कंपनीने उद्या ग्राहकाचा पुरवठाच तुझ्या गाडीतून पाठवायला सांगितला, तर मात्र नम्रपणे नकार दे आणि कारण ई-मेलवर लिहून ठेव.

तू पाहिलेल्या दोन गाड्यांपैकी नागाळा पार्कातली मला कागदावर बरी वाटते, कारण तिचा एकच मालक आहे आणि सर्व्हिस एकाच ठिकाणी झाली आहे; पण पत्ता पाहता बेल्ट आणि स्टेपनीखालचा खळगा आधी तपासायला हवा. तिच्या आरसीचा आणि शेवटच्या दोन सर्व्हिस बिलांचा फोटो मला पाठव आणि माझे उत्तर येईपर्यंत विसार देऊ नकोस. मालकाला घाई असेल तर रविवारी सकाळी मी स्वतः येतो.

कळावे, लोभ असावा.

तुझा हितचिंतक