जुन्या टँकची काच घासू नका, आडवी करून भिजवा

भाऊ, तुमची अडचण समजली. माशांसाठी घेतलेला अडीच फुटी सेकंडहँड काचेचा टँक, पाण्याच्या रेषेवर पांढरा जाड पट्टा, व्हिनेगर लावून घासलं तरी ढिम्म हलत नाही, आणि आता कोणीतरी बाथरूमचं ॲसिड, म्हणजे टॉयलेट क्लीनर, वापरा म्हणून राहिलं. ते ॲसिड राहू द्या. व्हिनेगर बरोबरच होतं, फक्त त्याला काचेवर थांबायला वेळ मिळाला नाही.

हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरच्या जाळीवर मे संपेपर्यंत जमतो, तोच. आम्लात तो विरघळतो, पण उभ्या काचेवरून व्हिनेगर मिनिटभरात ओघळून जातं. मग आपण हात दुखेपर्यंत घासत बसतो.

आधी डागावर व्हिनेगरचा थेंब टाकून पाहा. बारीक बुडबुडे आले तर काम सोपं आहे. टँक आडवा करा, डागाची काच खाली, तिच्याखाली थर्माकोलची शीट. पट्ट्यावर टिश्यू पेपरच्या दोन-तीन घड्या अंथरून पांढऱ्या व्हिनेगरने चिंब करा आणि वरून पॉलिथिन झाका. हे झाकणं विसरू नका, आपल्याकडच्या कोरड्या हवेत टिश्यू तासाभरात कडक होतो. रात्रभर ठेवा. थर जाड असेल तर लिंबूसत्व जास्त चांगलं: लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. नागपुरात इतवारीत किराण्याच्या ठोक दुकानात सुटं मिळतं, व्हिनेगरपेक्षा स्वस्तही पडतं. (नागपूरकर आहोत म्हणून कोणी संत्र्याची सालं घासायला सांगेल. ती खाऊन टाका, म्हणजे संत्री.)

हे सगळं शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशीवर करू नका. ते दगडही चुन्याचेच, टँक स्वच्छ होईल आणि फरशीवर कायमचा डाग पडेल. खाली प्लास्टिक अंथरा किंवा गच्चीवर सिमेंटपासून जरा उंचावर करा.

सकाळी थर मऊ झालेला असतो. काच ओली ठेवून नवीन ब्लेड तिरपं धरून सरकवा. कोपऱ्यातल्या सिलिकॉनपासून ब्लेड बोटभर लांब ठेवा, ते कापलं तर टँक गळणार. व्हिनेगरची मात्र सिलिकॉनला भीती नाही, बहुतेक सिलिकॉन सुकताना स्वतःच व्हिनेगरचा वास सोडतं. टँक ॲक्रिलिकचा असेल तर ब्लेड अजिबात नको, ओरखडे पडतील. तारेची घासणीही नको. उरलेलं परत भिजवा.

टॉयलेट क्लीनर का नको? त्यात हायड्रोक्लोरिक आम्लासोबत साबण आणि रंग असतात, आणि साबण सिलिकॉनच्या फटीत अडकून बसला तर मासे भोगतात. आणि व्हिनेगर लावलेल्या टँकमध्ये ब्लीचिंग कधीच टाकू नका, क्लोरीन वायू निघतो.

बुडबुडे आलेच नाहीत आणि नखाला थर लागत नसेल, तर बहुधा काचच झिजून धूसर झाली आहे. ती पुसून परत येत नाही. पाण्याने ओली करून पाहा. ओली असताना धूसरपणा दिसत नसेल तर भरलेल्या टँकमध्येही तो फारसा जाणवणार नाही. मग निवांत वापरा.

शेवटी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा. मग सपाट जागी पूर्ण भरून २४ तास गळती तपासा. हे घरात नको, ३० बाय १२ बाय १५ इंची टँकमध्ये ९० लिटरच्या आसपास पाणी मावतं.

पट्टा परत येऊ नये म्हणून एवढंच: उन्हाळ्यात पाणी उडतं, क्षार मागे राहतात. तुम्ही बोअरचंच पाणी वर टाकत गेलात तर क्षार वाढतच जातात. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं शुद्ध पाणी टाका. त्याच्या नळीतून वाया जाणारं नव्हे, त्यात तर क्षार आणखी जास्त. पाणी बदलताना मात्र नेहमीचंच वापरा, निव्वळ आरओवर मासे ठेवू नका. वर काचेचं झाकण असलं की उडणंही कमी होतं.

बुडबुडे आले का ते कळवा.