संगणकावरचा खर्च सगळ्यांचा, मग उत्पादकता मोजक्याच उद्योगांत का वाढते?

माहिती तंत्रज्ञानावर जवळपास सगळेच उद्योग मोठा खर्च करतात, मग उत्पादकतेत वाढ काहींच्याच वाट्याला का येते, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते यंत्रे आणि सॉफ्टवेअर हा या गुंतवणुकीचा लहान भाग असतो. मोठा भाग कामाची फेरमांडणी, प्रशिक्षण आणि निर्णयाचे अधिकार कोणाकडे असावेत हे नव्याने ठरवणे यांत जातो, आणि ताळेबंदात तो मालमत्ता म्हणून क्वचितच दिसतो.

संगणकयुग सर्वत्र दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही, असा टोला अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये हाणला होता. अमेरिकेत बिगरशेती व्यवसायांची श्रम उत्पादकता (म्हणजे कामाच्या दर तासामागचे उत्पादन) १९७३ ते १९९५ या काळात वर्षाला सुमारे दीड टक्क्याने वाढत होती. पुढच्या दशकभरात हा वेग जवळजवळ दुप्पट झाला आणि नंतर पुन्हा मंदावला. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये या विलंबाची सांगड विजेशी घातली. वीजनिर्मिती केंद्रे १८८० च्या दशकात उभी राहिली, पण कारखान्यांना खरा लाभ १९२० च्या दशकात मिळाला, कारण एकाच मुख्य दांड्यावर सगळी यंत्रे चालवण्याची जुनी मांडणी मोडून प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर देण्यात आणि त्यानुसार इमारतींची रचना बदलण्यात मधली वर्षे गेली.

उद्योगनिहाय फरक इथेच स्पष्ट होतो. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या २००१ च्या अभ्यासानुसार, १९९५ नंतरच्या वेगवाढीचा जवळजवळ सगळा वाटा सहा क्षेत्रांचा होता: किरकोळ व्यापार, घाऊक व्यापार, रोखे व्यवहार, दूरसंचार, सेमीकंडक्टर आणि संगणकनिर्मिती. किरकोळ व्यापारात वॉलमार्टने बारकोड, पुरवठादारांशी थेट माहितीची देवाणघेवाण आणि मोठी गोदामे यांची जोड घातली, आणि स्पर्धेमुळे इतरांनाही तेच करावे लागले. हॉटेल आणि किरकोळ बँकिंग यांनी मात्र भरपूर खर्च करूनही तसा वेग दाखवला नाही. (बँकांच्या बाबतीत सेवेचे ‘उत्पादन’ मोजणेच अवघड असते, हेही लक्षात घ्यावे.) व्यवस्थापनाचा प्रभाव ब्लूम, सॅडुन आणि व्हॅन रीनन या अर्थतज्ज्ञांच्या २०१२ च्या अभ्यासात दिसतो: ब्रिटनमध्येच काम करणाऱ्या अमेरिकी मालकीच्या आस्थापनांना माहिती तंत्रज्ञानातून इतर बहुराष्ट्रीय कंपन्यांपेक्षा अधिक उत्पादकता मिळत होती.

आपण आकडेवारी तपासणार असाल, तर संगणक तयार करणारे उद्योग आधी वेगळे काढावेत. त्यांची स्वतःची प्रगती इतकी वेगवान असते, की सरासरी फसवी ठरते. त्यानंतर उत्पादकता ज्या भागाकारातून निघते, त्याच्या दोन्ही बाजू, म्हणजे एकूण उत्पादन आणि त्यासाठी लागलेले श्रम, पाहाव्यात. अर्थतज्ज्ञ असेमोग्लू आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिकी कारखानदारीबाबत नेमके हेच दाखवले: संगणकनिर्मिती वगळता, तंत्रज्ञानाचा जास्त वापर करणाऱ्या उद्योगांत जिथे दर कामगारामागचे उत्पादन वाढलेले दिसत होते, तिथे एकूण उत्पादन घटत होते आणि रोजगार त्याहून वेगाने घटत होता.