टेबल सॉवर (टेबलातून ब्लेड वर येणाऱ्या करवतीवर) डॅडो संच, म्हणजे रुंद खाच पाडणारा अनेक पात्यांचा जोड, बसवला, त्यात चार चिपर (मधली पाती) घातले, तरी पाऊण इंची प्लायवूडची फळी खाचेत खुळखुळते. काय चुकतंय?

चूक प्लायवूडची आहे. इथे अमेरिकेत दुकानात 'पाऊण इंची' म्हणून जे मिळतं, ते बहुतेकदा २३/३२ इंचाचं असतं. आता तुमचा हिशोब बघा. गावाकडचा सुतार सुतात मोजतो, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. डॅडो संचाला ते माप अगदी चपखल बसतं: बाहेरची दोन पाती एकेक सुताची, मधले तुमचे चारही चिपर एकेक सुताचे. झाले सहा सूत, म्हणजे बरोबर पाऊण इंच. फळी त्याहून १/३२ इंचाने बारीक, म्हणजे पाऊण मिलिमीटरहून जरा जास्तच फट. खुळखुळणारच.

एक सुताचा एक चिपर काढा आणि त्याच्या जागी ३/३२ इंचाचा घाला. बहुतेक संचांत तो येतो. बेरीज नेमकी २३/३२ होते. बर्चचं १८ मिलिमीटरचं प्लायवूड असेल, तर तेही पुरणार नाही, कारण ते ०.७०९ इंच भरतं. तिथे तीन चिपर एक सुताचे, एक १/१६ चा, आणि वर साधारण ०.०२४ इंचाच्या शिम, म्हणजे त्या कागदासारख्या पातळ चकत्या. ०.०२० ची एक आणि ०.००४ ची एक घातली की फळी हाताच्या दाबाने आत जाते. चकत्यांवर माप छापलेलं नसेल तर व्हर्नियरने मोजा आणि मार्करने लिहून ठेवा. नंतर सगळ्या सारख्याच दिसतात.

हे आकडे सांगितले खरे, पण मी स्वतः ते फक्त सुरुवातीपुरते वापरतो. एकाच ढिगातल्या दोन शीट्सची जाडी वेगळी निघालेली मी पाहिली आहे. म्हणून संच यंत्रावर चढवण्याआधी बाकावर, लाकडी फळीवर, आडवा रचतो आणि शेजारी त्याच प्लायवूडचा तुकडा पालथा ठेवतो. दोन्हींवर पट्टी टेकवली की कमी-जास्त बोटाला कळतं. मोजायचं ते दात्यांच्या टोकांवर, पात्याच्या पत्र्यावर नाही. कार्बाइडचा दाता पत्र्यापेक्षा रुंद असतो.

आता चढवणं. आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. गार्ड (ब्लेडवरचं झाकण) आणि रायव्हिंग नाइफ (ब्लेडमागचं उभं पातं) काढावेच लागतात. नट कुठल्या बाजूला सुटतो यात लोक गोंधळतात: ब्लेड ज्या दिशेने फिरतं, त्याच दिशेने नट सैल होतो. आतलं पातं, मग चिपर, मग बाहेरचं पातं, आणि सगळ्यांचे दाते वरच्या बाजूला तुमच्याकडे तोंड करून. दोन बाहेरच्या पात्यांपैकी आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं हे त्यांच्यावर लिहिलेलं असतं, अदलाबदल करू नका.

चिपरचे दाते बाहेरच्या पात्यांच्या दोन दात्यांमधल्या रिकाम्या जागेत आले पाहिजेत आणि शेजारच्या चिपरच्या दात्यालाही लागता कामा नयेत. दात्यावर दाता चढला की दोन नुकसानं होतात: नट आवळताना कार्बाइडचा टवका उडू शकतो, आणि संच एकमेकांना नीट न चिकटल्याने खाच मोजलेल्यापेक्षा रुंद येते. चार चिपर असतील तर ते गोलाकारात सारखे पसरा, म्हणजे भार एका बाजूला जात नाही.

माझा पहिला संच मात्र दात्यांमुळे नाही, शिममुळे फसला. गॅरेजमध्ये पुस्तकांचं कपाट करत होतो. एक चकती आर्बरच्या, म्हणजे ब्लेड ज्यावर बसतं त्या दांड्याच्या, आट्यांमध्ये घसरली आणि नट आवळल्यावर तिथेच चिमटली. चार खाचा पाडल्यावर लक्षात आलं की फळी कुठे घट्ट, कुठे ढिली. अर्धा शनिवार मी फेन्सला (लाकूड टेकवायच्या सरकत्या पट्टीला) शिव्या देत होतो. तेव्हापासून चकती घालताना बोटाने आट्यांवरून उचलून धरतो, आणि नट हाताने अर्धवट फिरवल्यावर पूर्ण संच एकदा हलवून बघतो.

नट पूर्ण आट्यांवर बसला पाहिजे. रुंद संचामुळे दांडा कमी पडला, तर बाहेरची जाड वॉशर काढली तरी चालते; नट अर्धवट धरून काम रेटू नका. त्यानंतर डॅडोची रुंद तोंडाची थ्रोट प्लेट (ब्लेडभोवती टेबलात बसणारी पट्टी) लावा आणि ब्लेड हाताने पूर्ण एक फेरा फिरवून बघा, कुठे घासत तर नाही ना. तुमची करवत सॉस्टॉप, म्हणजे बोट लागताच ब्लेड अडवणारी, असेल, तर ८ इंची डॅडोसाठी वेगळं ब्रेक कार्ट्रिज लागतं.

चाचणीची खाच त्याच प्लायवूडच्या तुकड्यावर पाडा. पाव इंच किंवा फार तर तीन सूत खोल, जाडीच्या निम्म्याहून जास्त नको. फळी हातोडीशिवाय आत जावी आणि उलटं धरल्यावर पडू नये, ही माझी कसोटी. ठोकावी लागत असेल तर गोंद लावल्यावर ती आत जाणारच नाही, कारण ओल्या गोंदाने लाकूड फुगतं.

कापताना एक गोष्ट लोकांना चुकीची वाटते: फेन्स आणि माइटर गेज (लाकूड आडवं ढकलायचा, टेबलाच्या खाचेत सरकणारा टेकू) एकत्र वापरणं. आरपार कापताना ते करू नये, कारण सुटलेला तुकडा ब्लेड आणि फेन्सच्या मध्ये अडकून मागे उडतो. खाचेत तुकडा सुटतच नाही, म्हणून इथे चालतं. पण ब्लेड लाकडाखाली लपलेलं असतं आणि ते कुठून बाहेर येणार हे दिसत नाही. मी टेबलावर पिवळ्या टेपने ती पट्टी आखून ठेवतो आणि हात पुश ब्लॉकवरच (लाकूड ढकलायच्या मुठीच्या ठोकळ्यावर). लाकूड वर उचलू पाहतं, म्हणून पुढे ढकलण्याइतकंच खाली दाबा.

बाजूची फळी सहा फूट लांब असेल तर मात्र मी डॅडोच्या नादी लागत नाही. फुटभर रुंदीची कड फेन्सला टेकवून पाच फूट फळी हवेत सांभाळायची कसरत कशाला? तिथे सरळ पट्टी शिकंजात धरून राउटर (फिरत्या पात्याने खाच पाडणारं हातयंत्र) चालवा. पुण्यातल्या माझ्या मावसभावाकडे हाच एक मार्ग आहे, त्याच्या करवतीचा दांडा एवढा आखूड आहे की दुसरं पातंच बसत नाही. युरोपातही बऱ्याच करवतींचा दांडा आखूडच असतो. 

शेवटी, सगळ्या खाचा पाडून होईपर्यंत संच खोलू नका. फेन्स एका मापावर असतानाच दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर तीच खाच पाडा, मगच पुढच्या मापाला हलवा. आणि खाचेच्या तळाशी दोन्ही कोपऱ्यांत बारीक रेघ दिसली तर घाबरू नका. बाहेरच्या पात्यांचे दाते टोकदार असल्याने ती पडते. कपाटाच्या समोर पट्टी लावली की कुणाच्या नजरेस पडत नाही.