आखूड सोंडेचा हत्ती

प्रश्न : आमचे आजोबा सोलापुरात गिरणीत होते. आजीच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत १९११ सालचा राजाछाप रुपया सापडला. काळा पडलाय. चिंचेने घासून काढू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, आधी ती चिंच बाजूला ठेवा! मंगळवार पेठेत राहत असताना लहानपणी मी एक राणीछाप रुपया राखेने घासून लख्ख केला होता. राणीच्या केसांची नक्षीच गेली. अजून हळहळ वाटते. तो काळा थर राहू द्या.

नाणं कडेने धरा, भिंग घ्या आणि पंचम जॉर्जच्या झग्यावरची साखळी बघा. तिच्यात हत्ती आहे. १९११ च्या रुपयावर त्याची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, सरकारने बहुतेक नाणी वितळवली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. तुमचा रुपया त्यातून वाचलेला, म्हणूनच मोलाचा!

वजन करून घ्या : ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाचा एक तोळा. चांदी ९१.७ टक्के. (१९४० ते १९४५ च्या रुपयांत निम्मीच.) सराफ मोडीच्या भावाने मागेल, देऊ नका.