प्रश्न तुमचे : सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचा अभ्यास नेमका कशाचा?

बारावीचे निकाल आणि सीईटीचे गुण हाती आल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत संगणक व सॉफ्टवेअर अभियांत्रिकीविषयीच्या प्रश्नांचा भरणा आहे. मी काही वर्षे सॉफ्टवेअर उद्योगात काम केले आणि नंतर अभियांत्रिकी महाविद्यालयात हाच विषय शिकवला. त्या अनुभवाच्या आधारे त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या मुलीला एमएचटी-सीईटीत बरे गुण मिळाले आहेत. पसंतिक्रम भरताना संगणक अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता व डेटा सायन्स अशी अनेक नावे समोर येतात. तिला सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हायचे आहे. कोणती शाखा निवडावी? (एक पालक, बार्शी)

उत्तर : या शाखांच्या नावांत जेवढा फरक दिसतो तेवढा अभ्यासक्रमात बहुधा नसतो. पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, मूलभूत विद्युत अभियांत्रिकी आणि प्रोग्रामिंगची ओळख हे विषय बहुतेक सर्वांनाच असतात. दुसऱ्या वर्षापासून डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, संगणक जाळी आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हे पाच विषय पूर्ण वजनाने शिकवले जात असतील, तर शाखेचे नाव काहीही असले तरी तुमच्या मुलीचे नुकसान होणार नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमाची प्रत असते. ती उघडून हे पाच विषय कोणत्या सत्रात आहेत आणि त्यांना प्रात्यक्षिकाचे तास किती आहेत, एवढे दोघांनी मिळून पाहावे. नव्या नावाच्या शाखेत यांपैकी एखादा विषय ऐच्छिक केलेला आढळला, तर मी ती शाखा पसंतिक्रमात खाली ठेवीन.

त्यानंतर शक्य असेल तर महाविद्यालयात जाऊन तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोलावे. प्रयोगशाळा सायंकाळी उघडी असते का आणि प्रात्यक्षिकाच्या जर्नलमधील प्रोग्राम मुले स्वतः लिहितात की मागील वर्षीच्या जर्नलमधून उतरवून घेतात, हे दोन प्रश्न विचारले तरी महाविद्यालयाचा बराचसा अंदाज येतो.

प्रश्न : मी तिसऱ्या वर्षात आहे. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' या विषयात वॉटरफॉल, स्पायरल, एसआरएस, टेस्टिंगचे प्रकार असे सगळे पाठ करून लिहावे लागते. कोड लिहायला यातले काहीच लागत नाही. हा विषय कशासाठी आहे? (एक विद्यार्थिनी, पनवेल)

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे. मात्र माझ्या मते दोष विषयाचा नसून तो शिकवण्याच्या क्रमाचा आहे. मॉडेल, म्हणजे सॉफ्टवेअर बांधण्याची ठरावीक पद्धत, आधी सांगितले जाते आणि ते ज्या अडचणीतून जन्मले ती अडचण सांगायची राहूनच जाते. मग पाठांतराशिवाय विद्यार्थ्यापुढे मार्ग उरत नाही. म्हणून आपण अडचणीपासून सुरुवात करू.

ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीने एक परिषद भरवली आणि तिच्या नावात 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे शब्द मुद्दाम घेतले. मोठ्या प्रणाली मुदतीत पुऱ्या होत नव्हत्या, खर्च वाढत होता आणि हाती आलेल्या प्रणालीवर भरवसा ठेवता येत नव्हता. पूल बांधणाऱ्याच्या पाठीशी जशी गणिते, मानके आणि जबाबदारीची परंपरा असते तशी सॉफ्टवेअर बांधणाऱ्याच्या पाठीशी नाही, ही खंत त्या नावामागे होती. (टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची सुरुवातही १९६८ चीच. आपल्याकडचा हा उद्योग आणि ही विद्याशाखा अशा समवयस्क आहेत.)

ही खंत किती खरी होती हे पुढे दोन घटनांनी दाखवले. थेरॅक-२५ या कर्करोगावरील किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कित्येक पट किरणोत्सर्ग दिला आणि त्यांतील काही जण दगावले. त्याआधीच्या यंत्रातही तसाच दोष होता, पण चुकीच्या वेळी किरण सोडू न देणारी वेगळी विद्युत-यांत्रिक कुलुपे त्यात असल्यामुळे तो कधी बाधला नाही. नव्या यंत्रातून ती कुलुपे काढून सारी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली गेली. दुसरी घटना ४ जून १९९६ ची. एरियान-५ हा युरोपीय अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. एरियान-४ साठी लिहिलेला दिशादर्शनाचा कोड त्यात तसाच वापरला होता. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जास्त असल्याने ६४ बिटांतील एक संख्या १६ बिटांत मावली नाही. १६ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची कमाल मर्यादा ३२,७६७ असते. मुख्य आणि राखीव या दोन्ही संगणकांत तोच कोड असल्याने दोन्ही एकाच कारणाने बंद पडले. गणनेचा तो भाग उड्डाणानंतर लागतच नव्हता, हे वाचताना मला आजही हळहळ वाटते.

या दोन्ही ठिकाणी कोड लिहिणारे अडाणी नव्हते. कोड कोणत्या गृहीतकांवर उभा आहे, हे लिहून ठेवले गेले नाही आणि परिस्थिती बदलल्यावर कोणी ते पुन्हा तपासले नाही. तुम्ही ज्याला एसआरएस (सॉफ्टवेअरकडून नेमके काय हवे, याचा लेखी तपशील) म्हणून पाठ करता, तो दस्तऐवज अशी गृहीतकेही लिहून ठेवण्यासाठी असतो. 'बाउंडरी व्हॅल्यू टेस्टिंग' हा दोन गुणांचा प्रश्न म्हणजे ३२,७६७ नंतर काय होते, हे आधीच विचारणे.

आता तुमच्या वॉटरफॉल मॉडेलविषयी, म्हणजे गरजा, आराखडा, कोड आणि चाचणी हे टप्पे एकामागून एक घेण्याच्या पद्धतीविषयी. जी आकृती तुम्ही काढता ती सॉफ्टवेअरतज्ज्ञ विन्स्टन रॉयस यांच्या १९७० च्या निबंधातून आली आहे. त्यांनी 'वॉटरफॉल' हा शब्द वापरला नव्हता. शिवाय ही पद्धत अशी सरळ एकामागून एक राबवणे जोखमीचे असून ते अपयशाला आमंत्रण देते, असे त्यांनी त्याच निबंधात बजावले होते. चाचणी शेवटी येते आणि तिथे सापडलेला दोष कधी कधी थेट आराखड्यापर्यंत मागे नेतो, हे त्यांचे कारण होते. बॅरी बोहम यांचे स्पायरल मॉडेल सर्वांत मोठी जोखीम आधी हाताळा असे सांगते, आणि २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ जणांनी मांडलेला अजाइल जाहीरनामा ग्राहकाच्या बदलत्या मागणीला शत्रू मानू नका असे सांगतो. परीक्षेची तयारी करताना प्रत्येक मॉडेलपुढे ते कोणत्या धास्तीतून निर्माण झाले, हे स्वतःच्या शब्दांत एका ओळीत लिहावे. मग उत्तरपत्रिकेत घोकलेल्या वाक्यांची गरज फारशी भासणार नाही.

प्रश्न : आम्ही चौघे अंतिम वर्षात आहोत. प्रोजेक्ट विकत घ्यावा आणि तो वेळ प्लेसमेंटच्या तयारीला द्यावा, असे सीनियर सांगतात. स्वतः करायचा ठरवला तर विषय कोणता घ्यावा? (एक विद्यार्थी, संगमनेर)

उत्तर : कृपा करून विकत घेऊ नका. एका महाविद्यालयात बाह्य परीक्षक म्हणून गेलो असता चौघांच्या गटाला मी एवढेच सांगितले की, नोंदणीच्या पानावर गावाच्या नावाचा एक रकाना वाढवून दाखवा. पाऊण तास गेला, पण कोणत्या फाइलमध्ये हात घालायचा हे चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. त्यांचे ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा छापील अहवाल) नीटनेटके बांधलेले होते. मला त्यांचा राग आला नाही, फार वाईट वाटले. कारण चार वर्षांत स्वतःच्या हाताने काही उभे करण्याची जी एक खरी संधी असते, ती त्यांनी पैसे मोजून गमावली होती.

विषय भव्य नको, खऱ्या माणसाच्या गरजेचा हवा. तुमच्या तालुक्यात दूध संकलन केंद्रे भरपूर आहेत. त्यांपैकी एका केंद्राच्या सचिवांकडे जा आणि कोडची एकही ओळ लिहिण्याआधी चार दिवस सकाळ-संध्याकाळ तिथे बसा. प्रत्येक उत्पादकाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट वगळता दुधातील घन पदार्थ) मोजले जाते, दरपत्रकाप्रमाणे रक्कम धरली जाते, दहा दिवसांनी बिल निघते आणि त्यातून पशुखाद्य व उचल वजा होते. ऐकायला हे सोपे वाटते. मग सचिव सहज सांगतील की दर कालपासून बदलला, आणि तुमच्या लक्षात येईल की जुना दर पुसून नवा लिहिला तर मागील सहा दिवसांचे दूधही नव्या दराने मोजले जाईल. दराच्या नोंदीला 'कोणत्या तारखेपासून' हा रकाना हवा, ही गोष्ट पुस्तकातून शिकणे आणि एखाद्या उत्पादकाचे बिल चुकण्याच्या भीतीतून शिकणे यांत फार अंतर आहे.

अशा अडचणी तिथे पावलोपावली भेटतील. नोंद करताना वीज गेली तर अर्धी नोंद राहता कामा नये. 'ट्रान्झॅक्शन' (नोंद एक तर पूर्ण होते, नाही तर मुळीच होत नाही) ही संकल्पना इथे कळते. रक्कम दशांशात साठवली तर अनेक दशांश संख्या द्विमान पद्धतीत तंतोतंत मावत नसल्याने बेरजेत पैशांचा फरक पडू शकतो, म्हणून ती पैशांत पूर्णांक म्हणून ठेवावी. नावे मराठीत हवी असतील तर 'कुऱ्हाडे' या एका आडनावाने तुमची परीक्षा होईल. त्यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि एका रीतीने नोंदवलेला उत्पादक दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडत नाही. साठवण्यापूर्वी सर्व नावे एकाच रूपात आणणारे छोटे फंक्शन लिहा आणि त्याच्या चाचण्याही लिहा. परीक्षकांना हे दाखवाल तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकून ऐकतील, याची मला खात्री आहे.

कामाची वाटणी करताना एकाने कोड, दुसऱ्याने पीपीटी, तिसऱ्याने रिपोर्ट असे करू नका. चौघांनीही कोड लिहावा, सर्व बदल पहिल्या दिवसापासून गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) नोंदवावेत आणि एकाने लिहिलेला भाग दुसऱ्याने वाचल्याशिवाय कोडच्या मुख्य प्रतीत घेऊ नये. तुमचा गट लहान आहे हे बरेच आहे. चौघांत संवादाच्या सहा जोड्या असतात, दहांत त्या ४५ होतात. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की उशीर आणखी वाढतो, या संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स यांच्या १९७५ च्या निरीक्षणामागे एक कारण हीच आकडेमोड आहे. प्लेसमेंटच्या तयारीची काळजी रास्तच आहे, परंतु मुलाखतीत 'तुमच्या प्रोजेक्टबद्दल सांगा' हा प्रश्न हमखास येतो आणि दूध केंद्रावर घालवलेल्या चार दिवसांचे उत्तर कोणत्याही क्लासमध्ये मिळत नाही.

प्रश्न : आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कोड लिहून देतात. मग मुलीने चार वर्षे आणि एवढी फी यात घालावी का? (एक आई, चिपळूण)

उत्तर : घालावी, जर ती चार वर्षे वरच्या उत्तरांत म्हटल्याप्रमाणे अभ्यासात जाणार असतील तर. साधन कोड पटकन देते, हे खरे आहे आणि तिने ते वापरायलाही शिकावे. पण दर मध्येच बदलतो, वीज जाते, कुऱ्हाडे दोन रीतींनी लिहिले जाते, हे त्या साधनाला कोणीतरी सांगावे लागते आणि मिळालेला कोड त्याप्रमाणे वागतो का हे कोणीतरी तपासावे लागते. ते करणारी व्यक्ती हाताने प्रोग्राम लिहून, चुकून आणि दुरुस्त करून तयार होते. म्हणून पहिली दोन वर्षे तरी प्रात्यक्षिकांचे प्रोग्राम तिने साधनाच्या मदतीशिवाय लिहावेत, असा माझा आग्रह आहे.

प्रवेशाआधी हाताशी वेळ आहे, तेव्हा एक गोष्ट घरीच करून पाहता येईल. नावांच्या यादीतून एक मराठी नाव शोधणारा प्रोग्राम तिने अशा साधनाकडून लिहून घ्यावा. मग आपल्या नात्यातली, शेजारची, गावातली पन्नास नावे घरातल्या वेगवेगळ्या माणसांकडून, वेगवेगळ्या मोबाइलवर टंकून घ्यावीत आणि त्यांपैकी किती नावे त्या प्रोग्रामला सापडत नाहीत, ते तिने स्वतः मोजावे.